थाळीवर येणारी पिल्लं

नागपूरच्या कडेला, बेसाला नवीन बंगल्यांची रांग जिथं संपते आणि न विकलेल्या प्लॉटांवर गाजरगवत माजलेलं दिसतं, तिथं गोविंदा गोंडाणेचं घर आहे. ते शोधायला पत्ता लागत नाही. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर ‘ठिपकेवाले गोंडाणे’ एवढं म्हटलं, की पानवाला चुना लावता लावता हनुवटीनं दिशा दाखवतो. गोविंदानं एकतीस वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून काढली, बैलांचे पाय धरले, अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढली. पण त्यावरून त्याला कोणी ओळखत नाही. ओळखतात ते त्याच्या कुत्र्यांवरून. पांढरं अंग आणि त्यावर सांडल्यासारखे काळे ठिपके. डालमेशियन म्हणतात त्या जातीला, नागपूरच्या तोंडात ते डालमेशन होतं.

या हौसेची मुळं जुनी. गोविंदाचे वडील सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात माळी होते. सहा-सात वर्षांचा गोविंदा त्यांच्याबरोबर जायचा आणि व्हरांड्यात पसरलेल्या ठिपक्यांच्या कुत्र्याकडे टक लावून बसायचा. तो कुत्रा थेट दिवाणखान्यात जायचा, सोफ्यावर चढायचा. वडील एकवीस वर्षांत पायरीच्या वर गेले नाहीत. गोविंदाच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात ताठ मानेची शिकवण होती, शिक्षणाचा धोशा होता. पोरानं त्यातून भलतीच गाठ मनाशी बांधली. मोठं झाल्यावर असा कुत्रा आपल्या दारात पाहिजे. याला स्वाभिमान म्हणा की खूळ म्हणा. मला विचाराल तर दोन्ही.

बावीस वर्षांपूर्वी बदलीवर निघालेल्या एका बँक अधिकाऱ्यानं अशी एक मादी दवाखान्यात आणून सोडली आणि गोविंदाचं घोडं गंगेत न्हालं. वर्षाच्या आत जोडीचा नर शोधून त्यानं वीण घेतली. आठ पिल्लं झाली. आठही पांढरीफेक, औषधाला एक ठिपका नाही. गोविंदा दोन दिवस जेवला नाही. आपली फसवणूक झाली, कुठल्यातरी गावठी कुत्र्यानं डाव साधला, अशी त्याची खात्री पटली. बायको जया, जिला कुत्र्यांचं काडीचं प्रेम नव्हतं, ती पिल्लं पुसता पुसता म्हणाली, “ओलं केलं की कातडीखाली सावली दिसते, पाहा तं खरं.” आणि दहाव्या दिवशी पहिला ठिपका उगवला. मग रोज नवे. पाठीवर, पायांवर, कानांवर, कुणाचे मटकीएवढे, कुणाचे रुपयाएवढे. या जातीची पिल्लं कोरी पाटी घेऊन येतात आणि लेखन मागाहून होतं, हे त्याला तेव्हा कळलं. त्या दिवशी त्यानं गल्लीत जिलेबी वाटली आणि तेव्हापासून तो रिवाजच पडला. शेजाऱ्यांना पिल्लं झाल्याची बातमी जिलेबीवरूनच कळायची.

रिवाज आणखी दोन होते. पहिला निवडीचा. कधीमधी एखादं पिल्लू जन्मतःच काळा डाग घेऊन यायचं, बहुधा एखादा अख्खा कान काळा. प्रदर्शनात असा डाग चालत नाही. ठिपका पाहिजे, डाग नको. गोविंदा अशा पिल्लाला ‘डागी’ म्हणायचा आणि दीड महिन्याचं झालं की कुणा शेतकऱ्याला, चौकीदाराला फुकट देऊन टाकायचा. त्याच्यापासून पुढची वीण कधी घ्यायची नाही. बावीस वर्षांत त्यानं हा नियम एकदाही मोडला नाही आणि तो सांगताना त्याची छाती फुगायची.

दुसरा रिवाज थाळीचा. पिल्लं खायला लागली की गोविंदा स्टीलच्या थाळीवर पळी वाजवायचा आणि सगळा गोतावळा धडपडत येऊन त्याच्या पायांत पडायचा. पिल्लू न्यायला आलेल्या माणसाला हा खेळ दाखवल्याशिवाय तो पिल्लू देत नसे. “पाहा, माहे पिल्ले थाळीवर येतात. हाक मारली अन् वळलं नाई, असं माह्या घरचं जनावर दाखवा मले.” हे वाक्य त्यानं किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. त्याच वाक्यानं पुढं घात केला.

रामटेकला त्याची धाकटी बहीण तारा दिली होती. तिचं घर रस्त्याला लागून, समोरच धानाची गिरणी. तिची लेक पिंकी अकरा वर्षांची झाली तेव्हा मामानं तिला ठिपक्याचं पिल्लू दिलं. त्या विणीतला तो सगळ्यात देखणा नर, ठिपके इतके मोकळे आणि गोल की पिंकीनं त्याचं नाव ‘बुंदी’ ठेवलं. सहा महिने पोरगी आणि कुत्रा एका ताटात जेवायचे बाकी होते. मग डिसेंबरात, गिरणीवर धानाच्या गाड्यांची रीघ लागलेली असताना, बुंदी रस्त्यावर गेला आणि रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकखाली आला. पिंकी दारातच होती. तिच्या हातात आईचा मोबाइल होता.

“मी हाक मारली होती,” एवढंच ती रडत रडत म्हणत राहिली.

गोविंदा दुपारच्या बसनं रामटेकला पोचला. अंगणात शेजारपाजार जमलेला. त्या सगळ्यांसमोर, कुत्र्यांतला जाणकार म्हणून, त्यानं निकाल दिला. “माह्या थाळीवरचं पिल्लू हाकेले वळत नाई, असं होतच नाई. पोट्टी मोबाइलात होती. आता अंगावर येऊ नाई म्हणून खोटं बोलून राहिली.” तारानं पिंकीच्या मुस्काटात मारली. पोरगी रडायची थांबली, ती थांबलीच.

हे तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हापासून पिंकी मामाशी एक शब्द बोलली नव्हती. तो आला की ती आतल्या खोलीत जायची. त्याहून वाईट गोष्ट अशी, की त्या घरात एक म्हणच पडून गेली. पिंकी म्हणाली, अभ्यास झाला, की कोणीतरी म्हणायचं, “हाव, हाक मारली होती, तसाच ना?” पिंकी म्हणाली, शाळेला सुट्टी आहे, की पुन्हा तेच. कुणाच्या मनात वाईट नसायचं, सगळे हसायचे. घरात एकदा कुणाच्या नावानं अशी म्हण पडली, की ती पुसायला जन्म जातो. गोविंदाही एक-दोनदा हसला होता.

या डिसेंबरात, एका सोमवारी सकाळी, चंपतराव आपला टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. इतवारीत त्यांचं भांड्यांचं ठोक दुकान आहे. बुंदीच्याच विणीतला दुसरा नर, राजा, त्यांनी नेला होता. आता तो साडेतीन वर्षांचा झाला होता. त्यांनी दोरी गोविंदाच्या हातात दिली.

“तुहा कुत्रा तू वापस घे गा.”

“काहून? काय झालं?”

“नातू रांगून राहिला आता घरात. काल हा झोपला होता, पोट्ट्यानं मांगून हात लावला, तं असा फिरला अंगावर का माह्या काळजात धस्स झालं. दात लागले नाई, नशीब. तीन वर्षं पाहून राहिलो, याले अक्कल म्हणून नाई. बलावलं तं येत नाई, हाकललं तं जात नाई. मागच्या अंगणात बांधूनच ठेवला शेवटी.”

गोविंदाला ते झोंबलं. “कुत्र्याले वळण लावा लागते, चंपतराव. भांडे घासण्याइतकं सोपं नाई ते.”

“मंग लाव ना तू,” चंपतराव म्हणाले आणि टेम्पोत बसून निघून गेले.

गोविंदानं वळण लावायला घेतलं. तुराटीची काडी तोडली, राजाला अंगणात मोकळा सोडला आणि पाठीमागून हुकूम दिला, “बस.” राजा उभाच. दुसऱ्यांदा हुकूम, आणि पाठीवर काडी. राजा दचकून वळला, शेपूट हलवली, गोविंदाच्या तोंडाकडं पाहत राहिला. पुन्हा पाठमोरा झाला, पुन्हा हुकूम, पुन्हा काडी. सांगायलाही लाज वाटते, पण दोन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी नुसती दिसली तरी राजा बसायला लागला आणि गोविंदा मिशीवर हात फिरवून म्हणाला, “पायलं? दोन दिवसांत सरळ केला.”

जयाला कुत्र्यांचं प्रेम नव्हतं म्हणून असेल, पण तिचं लक्ष असायचं. बुधवारी घरी मटण होतं. कुकरची शिटी झाली की घरातली कुत्री कुठंही असोत, स्वयंपाकघराच्या दारात हजर. पहिल्या शिटीला राणी आली, हिरो आला. राजा नळाजवळ उन्हात पाठ करून पडला होता. दुसरी शिटी झाली, तिसरी झाली. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

“अवो,” जया म्हणाली, “ह्याले ऐकू येत नाई.”

“काहीतरीच बोलू नको.” गोविंदानं थाळी घेतली आणि पळीनं वाजवली. राणी धावली, हिरो धावला, आणि त्यांच्या मागं राजाही उठून धावत आला. “पाहा. येऊन राहिला का नाई?”

“त्यानं राणीले उठताना पायलं म्हणून आला तो. त्या दोघाईले आत कोंडा, मंग वाजवा.”

गोविंदानं कोंडली ती जयाला खोटं पाडायला. राजा पुन्हा उन्हात जाऊन पडला. जया त्याच्या पाठीमागं चार हातांवर उभी राहिली आणि तिनं थाळी बडवली. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी डोकावून पाहिलं. राजा एका मुंगळ्याकडं पाहत होता, तो पाहतच राहिला. जयानं पळी टाकून बत्ता घेतला. त्यानंही काही झालं नाही. गोविंदा अंगणातल्या दगडावर खाली बसला. त्यानं मारलेल्या काड्यांचे वळ त्या पांढऱ्या पाठीवर अजून दिसत होते.

गुरुवारी दोघं राजाला आणि राणीला घेऊन मधुवंती डॉक्टरांकडं गेले. ही तरुण पोरगी सरकारी दवाखान्यात शिकाऊ म्हणून आली होती तेव्हा सुई कशी धरायची ते तिनं गोविंदाकडून पाहिलं होतं. आता तिचं स्वतःचं क्लिनिक आहे. तिनं राजाच्या मागं चुटक्या वाजवल्या, शिटी वाजवली, मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“दोन्ही कान गेलेत, काका. चौथ्या-पाचव्या आठवड्यातच गेले असणार.”

“पण हा थाळीवर येत होता, मॅडम. सगळे येत होते.”

“एकेकटं कधी बोलावलं होतं?”

गोविंदानं आठवून पाहिलं. बावीस वर्षांत पिल्लांना एकेकटं बोलावण्याचा प्रसंगच आला नव्हता. एक धावलं की सगळी धावतात, ही पिल्लांची रीत त्याला ठाऊक होती आणि ती ठाऊक असूनही तो त्या रीतीवर फसला होता.

डॉक्टरनं मग कागदावर पिल्लाचं चित्र काढून सांगितलं. रंगाच्या पेशी पाठीच्या कण्यापाशी तयार होतात. पिल्लू पोटात असताना तिथून निघून त्या अंगभर पसरत जातात. या जातीत पांढरेपणाचा गुण आईबाप दोघांकडून येतो आणि पेशींची ती वाट अर्ध्यातच तुटते, म्हणून अंग पांढरं. ठिपके हा अगदी वेगळा गुण, तो पांढऱ्या अंगावर मागाहून उगवतो. पण त्याच रंगाच्या पेशी कानाच्या आतल्या भागालाही लागतात, तिथं त्यांचं काम ऐकण्याचं यंत्र जिवंत ठेवण्याचं असतं. तिथवर त्या पोचल्या नाहीत, तर कान महिन्याभरात आतून मरतो. बाहेरून काहीच कळत नाही. कानावर पुढं ठिपके आले तरी आतलं भरून येत नाही.

“आणि एखादं पिल्लू जन्मतःच काळा कान घेऊन आलं,” ती म्हणाली, “तर ती चांगली खूण. म्हणजे रंग तिथवर पोचलाय. अशी पिल्लं सहसा बहिरी निघत नाहीत. तुमच्याकडं होत असतील ना अशी?”

“होतात,” गोविंदा म्हणाला. “मी ते ठेवत नाई.”

“किती वर्षांपासून?”

उत्तर जयानं दिलं, आणि तेही डॉक्टरला नाही, नवऱ्याला दिलं. “बावीस वर्षं. आपल्या आज्याले लोकाईनं डाग समजून गावाच्या बाहेर ठेवलं, अन् तुम्ही घरात बसून तेच केलं. चांगले चांगले काढून दिले अन् शुद्ध शुद्ध म्हणून बहिरे वाढवले.”

डॉक्टरनं राणीच्या मागं टाळी वाजवली. राणीनं एक गिरकी घेतली, मग आवाजाकडं आली. ही गिरकी म्हणजे राणीचा नखरा, गोविंदा कौतुकानं सगळ्यांना दाखवायचा. डॉक्टर म्हणाली, “हिला एकाच कानानं येत असावं. आवाज कुठून आला हे ठरवायला दोन कान लागतात, म्हणून ती फिरून शोधते. खात्रीची तपासणी यंत्रावर होते, ते माझ्याकडं नाही. पण हिची वीण पुन्हा घेऊ नका, काका.”

राणी ही बुंदीची आणि राजाची आई. गोविंदानं मान हलवली. तिचं ऑपरेशन करून टाकायचं त्यानं तिथंच ठरवलं, आणि एवढी मोठी गोष्ट ठरवताना त्याला फारसं काही वाटलं नाही, कारण मनात दुसरंच उभं राहिलं होतं. रामटेकचं अंगण, जमलेले शेजारी आणि आपला स्वतःचा आवाज.

माणूस मोठा लबाड प्राणी. जे करायचं त्याच्या अवतीभवतीचं सगळं तो आधी उरकतो. गोविंदानं शुक्रवारी जुनी वही काढून पिल्लं नेलेल्या सगळ्यांना फोन लावले. कुणी म्हणालं, आमचा ठणठणीत ऐकतो. कुणी म्हणालं, आम्हाला कधीचं कळलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. वर्ध्याच्या एका बाईनं चांगलंच फैलावर घेतलं. चंपतराव म्हणाले, “मंग तीन वर्षं मी शिव्या कोणाले देत होतो गा?” शिव्या खायला गोविंदाची तयारी होती, त्यानं सगळ्या खाल्ल्या. संध्याकाळी वही मिटली.

“सगळ्याईले फोन झाले,” जया भाजी निवडता निवडता म्हणाली. “रामटेकले नाई झाला.”

“पोट्टी विसरली असन आता. तीन वर्षं झाले. उगा जखम काहून उकरायची?”

“विसरली असती तं तुमच्याशी बोलली असती.”

“तारा काय म्हणन? सगळ्या गावासमोर बोललो होतो मी.”

“तेच तं,” जया म्हणाली. “गावासमोर बोलले, आता घरासमोर तरी बोला. फोनवर नका सांगू. जाऊन सांगा.”

गोविंदाला राग आला, बायकोचा नाही, आणखी कुणाचा तेही कळेना. तो खरं तर भित्रा माणूस नव्हता. बिथरलेल्या बैलाच्या नाकात त्यानं दोरी घातली होती. पण चौदा वर्षांच्या पोरीसमोर उभं राहायचं म्हटलं की तो ते उद्यावर ढकलायचा. तो पोरीला खोटं ठरवून मोकळा झाला होता आणि तिनं तीन वर्षं ते ओझं वाहिलं होतं. हे परत कसं घ्यायचं, याची रीत त्याला कुणी शिकवली नव्हती.

रविवारी चंपतरावांचा टेम्पो रामटेकच्या दुकानदारांकडं माल घेऊन निघाला, त्यात गोविंदा राजाला घेऊन बसला. ही सोय चंपतरावांनीच करून दिली. मागं हौद्यात पातेली, गंज, पराती रचलेल्या. कामठी ओलांडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं आणि तिथून पुढं भांड्यांनी असा काही कल्लोळ मांडला, की गोविंदाच्या कानठळ्या बसल्या. राजा त्या परातींना टेकून गाढ झोपला होता. मनसरपर्यंत गोविंदा त्याच्या झोपेकडं पाहत राहिला. बुंदीही असाच झोपत असणार, गिरणीच्या समोर, गाड्यांच्या घरघरीत, आणि घरचे कौतुकानं म्हणत असणार की कुत्रा किती शांत आहे.

तारा अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं भावाला पाहून “जय भीम, दादा” म्हटलं आणि मागं राजा दिसताच तिच्या हातातलं सूप थांबलं. तेच अंग, तेच मोकळे गोल ठिपके.

“हा कायले आणला, दादा? पोट्टी घरात आहे.”

“म्हणूनच आणला.”

तारानं पाणी दिलं. गोविंदा पाणी प्याला. धान कसं झालं ते तिनं सांगितलं, गिरणीवाल्यांची नाटकं सांगितली. गोविंदानं रस्ताभर जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एक आठवेना. शेवटी त्यानं एवढंच म्हटलं, “तारा, एक थाळी अन् पळी आण.”

“कायले?”

“आण तं.”

राजा भिंतीशी रचलेल्या धानाच्या तणसात नाक खुपसून उभा होता. गोविंदानं बहिणीला त्याच्या पाठीमागं उभं केलं आणि वाजव म्हणून सांगितलं. तारानं भीत भीत एक ठोका दिला. “जोरानं,” गोविंदा म्हणाला. तिनं जोरानं वाजवली. कोंबड्या पळाल्या, समोर गिरणीवरचा हमाल थांबून बघायला लागला. राजा तणस हुंगत राहिला. तारानं पुन्हा वाजवली आणि मग तिचा हात आपोआप खाली आला.

“हा बुंदीचा सख्खा भाऊ,” गोविंदा म्हणाला. “जन्माचा बहिरा आहे. बुंदीबी बहिराच असन. माह्या घरची वीणच तशी निघाली. मले समजलं नाई, अन् समजत नसतानी मी इथं उभं राहून बोललो.”

तारा पायरीवर बसली. थाळी तिच्या मांडीवर तशीच राहिली. “मंग पिंकी तवा...” ती म्हणाली.

थाळीच्या आवाजानं पिंकी दारात आली होती. उंच झाली होती, दोन वेण्यांच्या जागी एक वेणी आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. गोविंदा उठून तिच्यासमोर गेला. तिच्या नजरेला नजर देता येईना, तरी त्यानं दिली.

“पिंकी, तू खरी बोलली होती. खोटा मी होतो.”

त्याच्या बाजूनं निघून ती राजाकडं गेली, त्याला दिसेल अशी समोरून गेली, आणि उकिडवी बसून हात पुढं केला. राजानं हात हुंगला, मग चाटला. पाठीवरचे वळ तिला दिसले. तिनं त्यांवर बोट फिरवलं आणि मामाकडं पाहिलं. गोविंदानं तेही नाकारलं नाही. “मीच मारले,” तो म्हणाला.

तारा रडायला लागली होती. रडता रडता तिनं, आया बोलतात तसं, चुकीच्या माणसाला बोल लावला. “मंग तू मले तवा जोर देऊन काहून नाई सांगितलं वं? गप काहून बसली?”

“सांगितलं होतं,” पिंकी म्हणाली. ती कुत्र्याकडंच पाहत होती. आवाज शांत होता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत होती. “दोनदा हाक मारली म्हणून सांगितलं. मंग मामा म्हणे, त्याचं पिल्लू हाकेले वळतेच. मामाले कुत्र्यातलं सगळं समजते. तं मंग मलेच वाटलं का मी मारली नसन. मनातल्या मनातच मारली असन.”

तीन वर्षं ती गप्प होती ती रागानं, असं गोविंदा समजत होता. रागाचं उत्तर त्यानं तयार ठेवलं होतं, माफी मागायची, पाया पडायचं. पण पोरीच्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट आपण तिच्याच मनातून पुसून टाकली, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो तिच्याजवळ तणसावर खाली बसला.

“नाई,” तो म्हणाला. “मोठ्यानं मारली होती तू, दोनदा. मी सांगून राहिलो ना, पोरी. तू हाक मारली होती.”